रजा उलटलेला शिपाई

सातारा, सांगली किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पोस्टमन एक सरकारी लखोटा आणून देतो. लखोट्यावर पलटणीचा शिक्का असतो आणि आतला मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो. घरात तो वाचू शकेल असा एकच माणूस असतो, आणि नेमका तोच गेले काही दिवस माजघराबाहेर पडलेला नसतो. मग त्याची आई तो कागद पदराआड धरून शाळेतल्या गुरुजींकडे किंवा ग्रामपंचायतीतल्या कारकुनाकडे जाते. ‘गुरुजी, काय लिवलंय ते जरा सांगा,’ एवढेच ती म्हणते. गुरुजी वाचतात. अमुक क्रमांकाचा शिपाई अमुक तारखेस रजेवरून परत हजर व्हावयास हवा होता. तो झालेला नाही. त्यास तत्काळ पाठवून द्यावे.

हा प्रसंग एखाद्याच गावाचा नव्हे. ज्या मुलखात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जडला आहे, ज्या मुलखातली घरे तीन-तीन पिढ्या पलटणीत माणसे धाडीत आली आहेत, तेथे या कागदाचा अर्थ साऱ्यांनाच नीट ठाऊक असेल असे वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. शौर्यपदके आणि हौतात्म्य यांविषयी गाव अभिमानाने बोलते. रजा उलटलेल्या पोराविषयी ते कुजबुजते. आणि कुजबुजीतून जे ज्ञान पसरते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक जण सांगतो, ‘काही होत नाही, महिना-दोन महिन्यांनी जा, चार शिव्या खाव्या लागतील.’ दुसरा सांगतो, ‘आता गेलास तर गोळीच घालतील.’ पहिला सल्ला शिपायाला निष्काळजी करतो, दुसरा त्याला फरारी करतो. दोन्ही खोटे आहेत. आणि या दोन खोट्यांच्या मध्ये जो खरा कायदा आहे तो गुरुजींनाही सहसा माहीत नसतो.

तो कायदा कठोर आहे यात शंका नाही. परंतु रजा उलटणे आणि सैन्य सोडून पळणे यांत त्याने जाणीवपूर्वक अंतर ठेवले आहे. हे अंतर पहिल्या दिवशी पुष्कळ असते. दिवसागणिक ते आटत जाते. ज्याला हे उमगले त्याला परतीची वाट सापडते. ज्याला उमगले नाही त्याने पंधरा वर्षांची सेवा, पेन्शन आणि कुटुंबाचा आधार केवळ भीतीपोटी गमावल्याची उदाहरणे घडतात.

चाकरी, पण वेगळी

शिक्षक किंवा कारकून न कळवता कामावर आला नाही तर त्याचा पगार कापला जातो, विभागीय चौकशी होते, अगदी टोकाला गेले तर नोकरी जाते. त्याला तुरुंगात कोणी घालीत नाही. सैनिकाचे तसे नाही. १९११ च्या जुन्या लष्करी कायद्याची जागा घेणारा १९५० चा भूसेना अधिनियम गैरहजेरीला गुन्हा मानतो. त्याच धर्तीच्या तरतुदी १९५० च्याच वायुसेना अधिनियमात आहेत आणि नौदलासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे. घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. तो दिला जाण्याचे कारण उघड आहे. ज्या माणसाच्या हाती राष्ट्राने बंदूक दिली, त्याने ती केव्हा खाली ठेवावी हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

या कठोरतेला आणखी एक साधे, व्यवहारी कारण आहे; आणि ते तत्त्वज्ञानापेक्षा अधिक पटणारे आहे. बर्फातल्या चौकीवर ठराविक माणसे असतात. त्यांतला एक वेळेवर परतला नाही तर उरलेल्यांचे पहारे लांबतात. शिवाय रजेवर जाण्यासाठी आपली पिशवी भरून बसलेला दुसरा कोणी तरी थांबवला जातो. एकाची उलटलेली रजा म्हणजे दुसऱ्याची हुकलेली रजा होय. त्या दुसऱ्याच्याही घरी आजारी आई असते आणि रखडलेली पेरणी असते. पळपुट्याविषयी पलटणीत जो राग असतो तो निव्वळ शिस्तीचा राग नव्हे. त्यात या अन्यायाची जाणीव असते.

दोन कलमे आणि एक हेतू

कायद्याची रचना पाहू. भूसेना अधिनियमाचे ३८ वे कलम सेवा सोडून पळून जाण्याविषयी आहे. प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना, किंवा तशा सेवेचा हुकूम मिळाला असताना जो पळेल त्याला देहान्तापर्यंत शिक्षा होऊ शकते. इतर परिस्थितीत जो पळेल त्याला सात वर्षांपर्यंत कारावास. कलम ३९ बिनपरवाना गैरहजेरीविषयी आहे. परवानगीवाचून निघून जाणे, पुरेशा कारणावाचून रजा उलटू देणे, रजेवर असताना आपली तुकडी युद्धसेवेवर निघाल्याचे अधिकृतपणे कळूनही विनाविलंब न परतणे, हे सारे या कलमात येते. त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे कारावासाची आहे. ‘गोळी घालतील’ हे जे गावात बोलले जाते ते पहिल्या कलमातल्या एका विशिष्ट परिस्थितीविषयी आहे. आईच्या आजारपणामुळे पंधरा दिवस उशीर झालेल्या शिपायाचा त्या शिक्षेशी संबंध नाही.

मग दोहोंतील भेद कशावर ठरतो? किती दिवस उलटले यावर नव्हे, तर मनात काय होते यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली एका कॅप्टनच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. प्रत्येक पलायनात बिनपरवाना गैरहजेरी असतेच. परंतु प्रत्येक बिनपरवाना गैरहजेरी म्हणजे पलायन नव्हे. परत न जाण्याचा हेतू असेल तर पहिल्याच दिवशी ते पलायन ठरते; तो नसेल तर ती गैरहजेरी राहते. हेतू ही अदृश्य गोष्ट. ती वागण्यावरूनच ताडली जाते. गणवेश कोठे आहे, पलटणीस तार किंवा पत्र गेले होते काय, मुदतवाढीचा अर्ज केला होता काय, माणूस आपल्याच घरी उघडपणे राहत होता की परगावी नाव बदलून कामाला लागला होता, तो आपणहून हजर झाला की पोलिसांनी धरून आणला, असे प्रश्न विचारले जातात. म्हणजे घरून गेलेले एक साधे पत्रदेखील पुढे पुरावा ठरू शकते. आणि ते पत्र लिहून देणारा बहुधा गावातला गुरुजीच असतो.

तीस दिवसांचा उंबरठा

गैरहजेरीला तीस दिवस झाले की कायदा एक पाऊल पुढे टाकतो. कलम १०६ प्रमाणे शक्य तितक्या लवकर चौकशी मंडळ बसते. शपथेवर साक्षी घेऊन ते गैरहजेरीची चौकशी करते, आणि शिपायाच्या ताब्यातले सरकारी सामान, शस्त्र किंवा दारूगोळा कमी आहे काय तेही पाहते. गैरहजेरी कोणत्या तारखेपासूनची हे जाहीर होऊन तशी नोंद होते. त्यानंतरही तो माणूस स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर या कायद्यापुरता तो पळालेला मानला जातो. या कलमाची भाषा लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. नोंद झाल्यावरही ‘हजर झाला नाही तर’ ही अट कायद्याने ठेवली आहे. दार ढकलून घेतले आहे. कडी घातलेली नाही.

पलायनाची खबर कमांडिंग ऑफिसरने मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवायची असते. ती कळल्यावर, दंडाधिकाऱ्याचे वॉरंट निघालेल्या माणसाला जसे पकडावे तसे त्या शिपायाला पकडण्याची तजवीज पोलिसांनी करावयाची, असे कलम १०५ सांगते. पलायनाचा वाजवी संशय असेल तर पोलीस अधिकारी वॉरंटावाचूनही अटक करू शकतो. मात्र त्याने त्या माणसाला विनाविलंब नजीकच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. गावात जीप आली म्हणजे जी धावपळ होते तिच्यामागे हे कलम असते.

‘काही वर्षे गेली की विसरतील’ हा आणखी एक भ्रम. लष्करी न्यायालयात खटला भरण्यास साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. पलायनाच्या गुन्ह्याला ही मुदत लागूच नाही. सुरतेच्या गिरणीत किंवा मुंबईच्या गोदामात पंधरा वर्षे काढलेला माणूस सोळाव्या वर्षीही कायद्याच्या दृष्टीने पळालेला शिपाईच असतो. त्याला आपल्या खऱ्या कागदांवर कर्ज काढताना, मुलीच्या शाळेचा दाखला आणताना, गावच्या यात्रेला येताना दचकावे लागते. कायद्याने दिलेली शिक्षा कधी तरी संपते; ही शिक्षा संपत नाही.

आई आणि बायको

घरच्यांचे काय? लष्करी कायद्याखालील कोणी पळालेल्याला जाणूनबुजून आसरा दिला तर त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कळूनही वर खबर दिली नाही तर दोन वर्षांपर्यंत. ही कलमे सैनिकांपुरती झाली. सामान्य नागरिकाला दंडविधान लागू होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत पळालेल्या सैनिकाला जाणूनबुजून आसरा देणे हा गुन्हा होता आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या १६४ व्या कलमात तीच तरतूद आली आहे. मात्र जुन्या कायद्याने एक अपवाद केला होता. पत्नीने पतीला दिलेला आसरा गुन्हा नाही. नव्या कायद्याने पती असो वा पत्नी, जोडीदाराला ही सूट दिली आहे.

मेकॉलेच्या काळापासून चालत आलेल्या या अपवादात मनुष्यस्वभावाची समज आहे. बायकोने नवऱ्यापुढे दार लावून घ्यावे अशी अपेक्षा कायदाही करीत नाही. परंतु आईला ही सूट नाही. मुलासाठी माजघराचे दार लावून घेणारी आई, पोलीस आल्यावर ‘तो इथं नाही’ म्हणणारा बाप, रात्री मळ्यातल्या वस्तीवर त्याला पोचवणारा भाऊ, हे सारे माया म्हणून जे करतात ते कायद्याच्या भाषेत गुन्हा ठरू शकते. हे त्यांना कोणी तरी वेळेवर सांगावयास हवे. धाक घालण्यासाठी नव्हे. त्यांच्या मायेने मुलाचे किती नुकसान होते आहे हे त्यांना कळावे म्हणून.

शिक्षेचा खरा हिशेब

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे सात वर्षांच्या कारावासापर्यंत जात नाहीत. थोड्या दिवसांची गैरहजेरी असेल तर कमांडिंग ऑफिसर स्वतःच्या अधिकारात अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या लष्करी कैदेसारखी शिक्षा देऊन प्रकरण मिटवू शकतो. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार तर जातोच. मोठी गैरहजेरी किंवा वारंवार केलेली चूक असेल तर पलटणीतच संक्षिप्त लष्करी न्यायालय बसते. त्याला जवान ‘समरी कोर्टमार्शल’ म्हणतात. कमांडिंग ऑफिसर हेच तेथे एकटे न्यायाधीश असतात; आणखी दोन अधिकारी किंवा सुभेदार-नायब सुभेदार दर्जाचे दोघे हजर असतात, पण निर्णय त्यांचा नसतो. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कारावास आणि बडतर्फीची शिक्षा तो देऊ शकतो. तिची अंमलबजावणी लगेच सुरू होऊ शकते.

कारावासाचे महिने सरतात. बडतर्फी मात्र जन्मभर पुरते. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. बडतर्फ झालेल्याला आधीच्या सेवेबद्दल पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क राहत नाही. अपवादात्मक प्रकरणी सरकार कृपा करील तेवढीच. गैरवर्तनामुळे काढलेला माणूस ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाही. म्हणून सरकारी नोकरीतले आरक्षण, कॅन्टीन, वैद्यकीय सोयी हे सारे सुटते. चौदाव्या वर्षी बहिणीच्या लग्नापायी चार महिने रजा उलटवणाऱ्याने हा हिशेब मांडून पाहावा. लग्नाचे कर्ज फिटेल; पेन्शन परत येणार नाही.

न्यायालये सहानुभूती दाखवतील या भरवशावर राहणेही धोक्याचे आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका वाहनचालक जवानाचे प्रकरण आले. त्याची रजा एकदा वाढवून मिळाली होती. तरी तो १०८ दिवस उशिरा परतला. पत्नी आजारी होती असे त्याचे म्हणणे होते, परंतु उपचाराचे कागद त्याने दाखल केले नव्हते आणि पूर्वीही त्याला शिक्षा झालेल्या होत्या. न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम केली. पत्नी आजारी नव्हती असे कोणी सिद्ध केले नाही. ती आजारी होती हे त्याला दाखवता आले नाही, एवढेच झाले. ग्रामीण भागात दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवण्याची सवय नसते. ज्याचा कागद नाही त्याचे दुःखही न्यायालयात उभे राहत नाही.

जगाचा अनुभव

एवढी कठोरता उपयोगी पडते काय, हा प्रश्न अनेक देशांनी स्वतःला विचारला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पलायन, भ्याडपणा आणि अशाच गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांत तोफांच्या भडिमाराने मन खचलेली कोवळी पोरे होती. १९३० साली ब्रिटनने पलायनासाठीची देहान्त शिक्षा रद्द केली. आणि २००६ साली संसदेने कायदा करून त्या मृत सैनिकांपैकी ३०६ जणांना माफी दिली. म्हणजे नव्वद वर्षांनी! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पलायनासाठी ४९ जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावली, पण एडी स्लोविक या एकाच शिपायाच्या बाबतीत ती ३१ जानेवारी १९४५ रोजी अमलात आणली. त्या एकाला का आणि इतरांना का नाही, हा वाद पुढे कित्येक वर्षे त्या देशाला सतावत राहिला.

या इतिहासाचा अर्थ पलायन माफ करावे असा नाही. युद्ध चालू असताना शेजाऱ्याला खंदकात एकटा टाकून जाणारा आणि लढाई संपल्यावर घरी अडकून पडलेला, यांना एकाच काट्यावर तोलणारे राष्ट्र पुढे पस्तावते, एवढाच तो अर्थ आहे. आपल्या कायद्याने दोन वेगळी कलमे करून हा भेद राखला आहे. तो व्यवहारातही राखला जातो काय, हे पाहणे लष्कराचे आणि न्यायालयांचे काम आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, लष्करी न्यायालयाच्या निकालावर साधे अपीलही करता येत नाही, याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला होता. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ साली, सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ पासून न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले. शिक्षा अवाजवी वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार या न्यायाधिकरणाला आहे, आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. दिल्लीची वाट न धरताही महाराष्ट्रातल्या जवानाला दाद मागता येते, ही गोष्ट गावोगावी कळावयास हवी.

उघडी दारे

याच कायद्यात आणखी काही दारे आहेत, आणि ती फारशी कोणी वापरीत नाही. गैरहजेरीच्या खटल्यात आरोपी शिपायाने पुरेसे कारण सांगितले आणि त्याच्या पुष्टीसाठी एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचे नाव घेतले, तर न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला लिहून विचारलेच पाहिजे आणि उत्तर येईपर्यंत कामकाज थांबवले पाहिजे, असे कलम १४३ सांगते. प्राथमिक आरोग्य केंद्राचे सरकारी डॉक्टर, पूर आला होता हे सांगू शकणारे तहसीलदार, यांची उत्तरे पुरावा म्हणून वाचली जातात. शिपायाला वकील परवडत नसेल. पण हे नाव घेण्यास पैसा लागत नाही.

बांधाच्या आणि वाटपाच्या दाव्यांपायी रजा उलटते, हा तर खेड्यांतला नित्याचा अनुभव. त्यासाठी कलम ३२ आहे. दाव्यासाठी रजा मिळाल्याचा लष्करी अधिकाऱ्याचा दाखला न्यायालयापुढे ठेवला, तर शक्यतो त्या रजेच्या मुदतीतच सुनावणी करून निकाल देण्याची व्यवस्था न्यायालयाने करावयाची आहे. किती वकील हा दाखला आपल्या सैनिक अशिलाकडे मागतात? वरिष्ठांनी अन्याय केला असे वाटत असेल, तर वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नेण्याचा हक्क कलम २६ देते. घरची अडचण कायमची असेल, तर मुदतीपूर्वी सेवामुक्ती मागण्याचा अर्ज नियमांत आहे. तो मंजूर होईलच असे नाही, परंतु अर्ज करणारा आणि पळणारा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि रजेवर आजारी पडलेल्या जवानासाठी पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगर येथे लष्करी रुग्णालये आहेत. अंगाचा आजार असो की मनाचा, तेथे जाऊन नोंद करणे हा भगताच्या धुपाऱ्यापेक्षा औषध म्हणूनही बरा आणि पुरावा म्हणूनही बरा उपाय होय.

कायद्याने परतलेल्याला एक वचनही देऊन ठेवले आहे. युद्धसेवेवरून नव्हे तर अन्य परिस्थितीत पळालेला शिपाई पुन्हा सेवेत आला आणि त्याने सलग तीन वर्षे आदर्श सेवा केली, तर त्या जुन्या पलायनासाठी त्याच्यावर खटला सुरू करता येत नाही. चुकलेल्या माणसाला चांगल्या वागणुकीने चूक पुसता यावी, हे शहाणपण या कायद्यालाही सुचले आहे.

लष्कराने काय करावे, गावाने काय करावे

लष्कराच्या पदरीही काही जबाबदारी आहे. रजा संपत आलेल्या जवानाला मुदतवाढ मागण्याचा सोपा मार्ग हवा, त्याचे उत्तर वेळेत मिळावयास हवे, आणि घरी जाणारे पत्र त्या घराला कळेल अशा भाषेत हवे. मराठी कुटुंबाला आलेला इंग्रजी कागद हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. त्यातला ‘तत्काळ हजर व्हा, अन्यथा’ हा इशारा कळेपर्यंत तीस दिवसांचा उंबरठा ओलांडला गेलेला असतो. २०२२ नंतर अग्निवीर म्हणून भरती झालेल्या तरुणांना तर वर्षाला तीसच दिवसांची रजा आहे. त्यांनाही हाच भूसेना अधिनियम लागू होतो. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला भरतीच्या वेळी ही कलमे त्याच्या भाषेत समजावून देणे हे शिस्तीच्या विरुद्ध नाही. तीच खरी शिस्तीची सुरुवात होय.

आणि गावाने? ज्या गावांनी १९६५ साली, १९७१ साली, १९९९ साली रजेवरची पोरे एका तारेसरशी स्टेशनवर पोचवून दिली, त्यांना कर्तव्य शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती शांततेच्या काळातल्या, कोणी न पाहिलेल्या, लाजेने झाकून ठेवलेल्या गैरहजेरीकडे पाहण्याची. त्या घराला टोमणे नकोत आणि खोटा धीरही नको. त्याला हवा आहे वाचून दाखवणारा आणि खरे सांगणारा माणूस.

पदराआड लखोटा घेऊन आलेल्या त्या आईला गुरुजींनी काय सांगावे? मुलाने आज पलटणीस पत्र लिहावे किंवा फोन करावा. उशिराचे कारण सांगावे. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, तलाठ्याचा दाखला, कोर्टाची तारीख, जे असेल ते सोबत घ्यावे. पोलिसांची वाट न पाहता गणवेश घेऊन आपल्या पलटणीत, नाही तर नजीकच्या लष्करी ठाण्यावर स्वतः हजर व्हावे, आणि हजर झाल्याची तारीख लिहून घ्यावी. कारण ती तारीख खटल्यात पुरावा असते. शिक्षा होईल. ती भोगून तो पुन्हा उभा राहू शकेल. उद्यापेक्षा आज ती कमी असेल, आणि परवापेक्षा उद्या. मुलगा माजघरात बसून राहिला तर हे अंतर कमी कमी होत जाऊन एक दिवस नाहीसे होईल.

एवढे सांगून गुरुजींनी कोरा कागद पुढे ओढावा आणि त्या मुलाला बोलावून घ्यावे.